यादीत उंची लिहा

मे महिन्यात सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये रात्रभर कूलर घरघरत होता आणि त्याच कूलरसमोर बसून आम्ही मुलाच्या सॅकमध्ये 'उणे १०' लिहिलेली स्लीपिंग बॅग कोंबत होतो. निघाला होता अमरकंटकला, तीन दिवसांच्या सहलीला. बॅगेचे वजन सव्वादोन किलो. पोराने ती इमानाने पाठीवर वाहिली आणि रात्री अंथरून तिच्यावर झोपला. आत एकदाही शिरला नाही.

चूक आमचीच. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, अमरकंटक साधारण १,०५० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, हे मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातही असेल. म्हणजे फरक जेमतेम पाच अंशांचा. एवढ्यासाठी दहा-पंधरा अंशांची, किलोभर वजनाची सिंथेटिक बॅग पुरे. चेन पूर्ण उघडली की तिचीच रजई होते.

आकड्यांचीही एक गंमत कळली. नीट तपासलेल्या बॅगेच्या लेबलवर तीन तापमाने असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. झोप लागते ती पहिल्या आकड्याला. तिसरा फक्त जीव तगण्यापुरता, त्या थंडीत हिमदंशही होऊ शकतो. आमच्या बॅगेवर ठळक छापलेला 'उणे १०' हा तिसरा आकडा होता! म्हणजे अमरकंटकला जड आणि बर्फात अपुरी.

पिसांची बॅग तेवढ्याच उबेला आणखी हलकी असते, घडीही लहान होते. पण वळवाच्या सरीत भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. सिंथेटिक भिजूनही थोडी ऊब धरते, लवकर वाळते, स्वस्तही पडते. शाळकरी मुलाच्या हातात मी तरी तीच देईन. खाली मॅट मात्र हवीच, कारण अंगाखाली दबलेल्या भागात हवा उरत नाही आणि जमिनीचा गारवा थेट पाठीला लागतो. परत आल्यावर बॅग पिशवीत ठासून ठेवू नये. धागे दबून बसले की पुन्हा फुलत नाहीत. खुंटीला सैल टांगावी.

हिमालयात तीन हजार मीटरच्या वर मुक्काम असेल तर हे गणित मोडते. तिथे मेमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो.

म्हणून प्रशिक्षकांना एक विनंती. सामानाच्या यादीत नुसते 'स्लीपिंग बॅग – १' असते. त्यापुढे मुक्कामाची उंची आणि रात्रीचे अपेक्षित तापमान लिहावे. एक ओळ वाढेल, पण पालक भीतीपोटी खरेदी करणार नाहीत आणि पिट्ठूत पाण्याच्या बाटलीला जागा राहील.

आमची ती सव्वादोन किलोची बॅग सध्या दिवाणाच्या पेटीत आहे. तिच्यावर सध्या मांजर झोपते.