पाचव्या पिढीची कसोटी रस्त्याच्या कोपऱ्यावर

केंद्र सरकारने २०२२ मध्ये केलेल्या स्पेक्ट्रम लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात ‘फाइव्ह-जी’ सेवेचा प्रारंभ झाला. या लिलावात प्रथमच २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. माहिती वाहून नेण्याची याची क्षमता अफाट आहे. मात्र शहरातील रस्त्यांवर या लहरी कशा वागतात, यावरच तिचे भवितव्य ठरणार आहे.

लहरीची वारंवारता जितकी अधिक तितकी तिची लांबी कमी, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते, तर २६ गिगाहर्ट्झची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. लांब लहर इमारतींना वळसा घालते, भिंतीतूनही बऱ्याच अंशी पार होते. आखूड लहर मात्र जवळजवळ प्रकाशासारखी वागते. ती सरळ जाते, आदळते, परावर्तित होते आणि अडथळ्यामागे सावली सोडते. दुतर्फा उंच इमारती असलेल्या सरळ रस्त्यावर भिंतींवरील परावर्तनामुळे ती बोगद्यातून जावी तशी पुढे सरकते. पण ग्राहकाने कोपऱ्यावरून आडव्या गल्लीत पाऊल टाकले की संदेश एकदम क्षीण होतो.

न्यूयॉर्क विद्यापीठातील प्रा. थिओडोर रॅपापोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहराच्या रस्त्यांवर २८ गिगाहर्ट्झच्या मोजण्या करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या काचेतून या लहरी फारशा न घटता आत जातात. परंतु बाहेरून रंगीत लेप दिलेल्या काचेत सुमारे ४० डेसिबलची घट होते, म्हणजे शक्तीचा जेमतेम दहा हजारावा भाग आत पोहोचतो. काचेने मढवलेल्या कचेऱ्यांच्या आजच्या शहरांनी याची दखल घ्यायला हवी. पावसाची भीती मात्र अनाठायी ठरते. सुमारे २०० मीटरच्या अंतरात मुसळधार सरीनेही होणारी घट किरकोळ असते.

याचा अर्थ उघड आहे. गच्चीवरचा एक उंच मनोरा आता पुरेसा नाही. दर काही शे मीटरवर दिव्याच्या खांबावर लहान अँटेना हवा. केंद्राने २०२२ मध्येच मार्गाधिकार नियमांत दुरुस्ती करून अशा खांबांच्या वापराचा मार्ग मोकळा केला. पण खांब असतात महापालिकेच्या किंवा वीज कंपनीच्या ताब्यात. त्यामुळे लहरींचा लिलाव दिल्लीत होत असला, तरी त्यांची वाट गल्लीतच मोकळी करावी लागते.

खरा धोका विषमतेचा आहे. रुंद रस्ते आणि व्यापारी संकुले कंपन्यांना सोयीची व किफायतशीर. मुंबईतील चाळी आणि झोपडपट्ट्यांच्या वाकड्यातिकड्या बोळांत मात्र प्रत्येक वळणावर नवा अँटेना लागणार. निव्वळ नफ्याचे गणित मांडले, तर हे बोळ शेवटी उरतील. म्हणूनच महापालिकांनी खांबांची यादी जाहीर करावी, एकच खांब अनेक कंपन्यांना वापरू द्यावा आणि परवानगी देताना दाट वस्त्यांचा वाटा ठरवून द्यावा. किरणोत्सर्गाबाबत नागरिकांच्या शंका असतील, तर मोजमापाचे आकडे खुले करणे हाच त्यावरचा उपाय. लहरी भेदभाव करीत नाहीत. तो खांब कुठे उभारायचा हे ठरविणाऱ्यांकडून होतो.