पेण-रोह्याचा खासदार आणि जमिनीचा प्रश्न

२०१४, २०१९ आणि २०२४ अशा लागोपाठ तीन लोकसभा निवडणुकांत रायगड मतदारसंघात तेच दोन प्रमुख उमेदवार समोरासमोर उभे राहिले. २०१४ साली श्री. अनंत गीते यांनी श्री. सुनील तटकरे यांचा अवघ्या २,११० मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये तटकरे सुमारे ३१ हजारांनी आणि २०२४ मध्ये ८२ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. पहिल्या दोन लढतींत गीते भाजपच्या युतीत आणि तटकरे काँग्रेसच्या आघाडीत होते; तिसऱ्या लढतीच्या वेळी दोघांच्याही बाजू पालटल्या होत्या. उमेदवार तेच आणि बाजू मात्र उलट, अशा स्थितीत मतदाराने नेमका कोणत्या प्रश्नावर कौल दिला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर सहजासहजी देता येणार नाही. पेण आणि रोहे या तालुक्यांच्या बाबतीत ते पूर्वी देता येत असे.

या भागाचा जुना लोकसभा मतदारसंघ कुलाबा या नावाचा. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तरी मतदारसंघाने जुने नाव २००८ पर्यंत टिकविले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत येथून काँग्रेसतर्फे चिंतामणराव देशमुख निवडून आले. त्यांचे बालपण रोह्यात गेले होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. त्या यशामागे केवळ भाषिक भावना नव्हती. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून काही वर्षे जमिनी पडीक ठेवून खोतांशी दिलेला लढा आणि त्यानंतर आलेले खोतीनिर्मूलन व कूळकायदा यांतून या पक्षाचा पाया घातला गेला होता.

पुढे खोताची जागा सरकारने घेतली. नव्या मुंबईसाठी १९७० नंतर पनवेल व उरणमधील जमिनी संपादित होऊ लागल्या. १९७७ मध्ये शेकापचे दि. बा. पाटील निवडून आले, १९८० मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत काँग्रेसने देशभर अभूतपूर्व यश मिळविले. कुलाब्याने मात्र दि. बां.ना लोकसभेत पाठविले. एरवी हा मतदारसंघ काही शेकापचा बालेकिल्ला नव्हता. १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये बॅ. अंतुले येथून निवडून आले. १९९८ व १९९९ मध्ये शेकापचे रामशेठ ठाकूर जिंकले आणि २००४ मध्ये पुन्हा अंतुले. परंतु काँग्रेसच्या उमेदवारालाही येथे जमिनीच्या प्रश्नाला बगल देता येत नसे. कारण त्या प्रश्नावर मते मागणारा समर्थ प्रतिस्पर्धी समोर असे.

२००८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध पेण, पनवेल व उरणमधील शेतकरी एकत्र लढत होते आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या २२ गावांत सप्टेंबरमध्ये सार्वमत घेण्यात आले. पुढे तो प्रकल्प बारगळला. मात्र त्याच वर्षी मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली. पनवेल, उरण व कर्जत मावळला जोडले गेले. पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड यांच्या जोडीला रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर आले. ज्या गावांचा लढा एक होता, त्यांचे खासदार दोन झाले. शेकापलाही हा फटका सोसला नाही. २०१४ मध्ये त्याने स्वतंत्र उमेदवार देऊन पाहिला. इतर वेळी २००९ मध्ये गीते, २०१९ मध्ये तटकरे आणि २०२४ मध्ये पुन्हा गीते, असा त्याचा पाठिंबा फिरत राहिला.

पुनर्रचना लोकसंख्येच्या निकषावर होते आणि पनवेलची वाढ पाहता फेरमांडणी अटळ होती, असे यावर म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे. विजयी उमेदवार रोहे तालुक्यातीलच आहेत, हेही खरे. परंतु उमेदवार जवळचा असणे आणि प्रश्न निवडणुकीच्या केंद्रस्थानी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेणच्या खारजमिनीचा प्रश्न गुहागरच्या आंबा बागायतदाराला आपला वाटावा, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी ठरेल.

दरम्यान जमिनीवरील दाब मात्र वाढतच आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. रोहे व मुरुड तालुक्यांत औषधनिर्मिती उद्यानासाठी जमिनीची मागणी यापूर्वीच पुढे आली आहे. नियोजनकर्त्यांच्या लेखी पेण, पनवेल व उरण हा एक प्रदेश आहे. त्याचा मोबदला, पाणी आणि पुनर्वसन यांचा जाब संसदेत मागताना मात्र तो दोन मतदारसंघांत विभागलेला आहे.

पुढील पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे व्हावी, असे २००१ च्या घटनादुरुस्तीने ठरविले होते. ती जेव्हा होईल, तेव्हा डोकी मोजली जातीलच. परंतु पुनर्रचनेच्या कायद्यात भौगोलिक सलगता आणि दळणवळणाच्या सोयी यांचाही विचार सांगितलेला आहे. त्या निकषांवर एकाच भूसंपादनाखाली येणारी गावे एका मतदारसंघात राहावीत, ही मागणी पेण-रोह्यातील ग्रामपंचायतींनी व पक्षांनी मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वीच मांडली पाहिजे. नकाशा एकदा कायम झाला की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाटही फारशी उरत नाही.