मोसम कोणाचा संपतो?

दिवाळी अंक म्हटला की त्यात एखादी शिकारकथा असावी, असा आपल्याकडे पूर्वीपासूनचा रिवाज. वाघाची असली तर उत्तम, नाही तर रानडुकराची. कवड्याच्या शिकारीवर मात्र कोणी कथा लिहीत नाही. मूठभर पाखरू ते. त्याला मारण्यात कसले आले शौर्य! म्हणूनच ते निमूटपणे मारले जाते आणि निमूटपणे खाल्ले जाते. तेव्हा मी कथा नव्हे, भांडण घेऊन आलो आहे. फराळाच्या ताटाशी भांडण काढू नये हे मलाही कळते. पण ज्यांच्याशी भांडायचे ती सारी मंडळी नेमकी आजच एकत्र सापडतात, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या खेड तालुक्यात शिमगा सरला की ओढे आटू लागतात. पावसाळ्यात नावाप्रमाणे वागणारी जगबुडी चैत्रात वरच्या अंगाला डोहाडोहांत उरते. सकाळ-संध्याकाळ कवडे आणि होले तेथे पाण्यावर उतरतात. वडा-उंबराला फळ धरले असेल तर हरियालांचे थवे येतात. हे ज्यांना ठाऊक, ते झुडपाआड दबा धरून बसतात. कोणाजवळ छऱ्याची बंदूक, कोणाजवळ नुसती बेचकी. हटकले तर उत्तर ठरलेले असते, “मास्तर, मोसम संपत आला. शेवटची दोन पाखरे. तेवढ्याने काय रान ओस पडते?”

मोसम संपत आला हे खरे; पण कोणाचा? शिकाऱ्याचा! पाखराचा तेव्हा सुरू होत असतो. हरियालाची वीण मुख्यतः मार्च ते जून या महिन्यांतली. कवडा तर जवळजवळ बाराही महिने घरटी बांधतो. घरटे तरी कसले? चार काटक्या आडव्या-उभ्या टाकलेल्या. खालून पाहिले तर अंडी दिसावीत. अंडी दोनच. ती नर आणि मादी पाळीपाळीने उबवतात. पिले बाहेर आली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखा पांढरा रस तयार होतो आणि तोच पिलांचे पहिले अन्न असतो. पाखरांच्या जातीत बाप लेकरांना दूध पाजतो असे म्हटले तर आपण हसाल. पण कवड्याच्या घरी ते अक्षरशः खरे आहे.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. चैत्रातच मामांनी तीन कवडे मारून आणले आणि पिसे काढण्याचे काम मोठ्या कौतुकाने मला दिले. एकाचा गळा चिरला तेव्हा भाताच्या चार दाण्यांबरोबर पांढरा चोथा हाताला लागला. मला वाटले, पाखरू रोगी आहे. मी आजीला दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्याची पोरां खोप्यात वाट बघत असतील.” त्या दिवशी तिने चूल पेटवली, पण ती पाखरे काही शिजवली नाहीत. मामा रागावून जेवल्याशिवाय उठले.

रात्री तिने मला कवड्याची गोष्ट सांगितली. एका बाईने पोहे उन्हात वाळत घातले, लेकीला राखणीला बसवले. संध्याकाळी माप कमी भरले. लेकीने खाल्ले असे समजून तिने रागाच्या भरात पोरीला मारले आणि पोर मेली. रात्री दव पडले, पोहे फुगले, सकाळी माप पुरे भरले. मग ती आई कवडा होऊन रानोरान ‘पुरे, पुरे’ म्हणत हिंडू लागली. दुपारी कवडा घुमला की मला आजही तेच ऐकू येते.

आता काहीजण म्हणतील, ही बायकी हळहळ झाली. वाडवडील शिकार करीतच होते ना? करीत होते. पण १९१२ च्या इंग्रजी कायद्यातसुद्धा ठराविक काळ शिकारबंदी ठेवण्याची सोय होती. विणीच्या दिवसांत हात आवरावा एवढी समज त्या शिकारीत होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. म्हणजे ज्याला आपण ‘मोसमाचा शेवट’ म्हणतो, तो मोसम कायद्याने कधीच संपलेला आहे. आणि मौज अशी की ज्या हरियालाचा रस्सा मिटक्या मारीत खाल्ला जातो, तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे!

दुसरे म्हणतील, पाखरे पुष्कळ आहेत. अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून टाकीत. एका खेपेस एकच अंडे घालणारे ते पाखरू. लोकांनी त्याला विणीच्या जागी गाठून गाठून मारले. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ‘पुष्कळ’ हा शब्द किती पोकळ असतो, ते तिने सांगितले.

शेतकऱ्याचे दुःख मी जाणतो. डुक्कर आणि वानरे आमची बागायत धुळीला मिळवतात, त्यावर सरकारने उपाय काढलाच पाहिजे. पण कवडा नांगरट उकरीत नाही. खळ्यावर सांडलेले दाणे आणि तणाचे बी टिपतो. त्याचा हिशेब डुकराच्या खात्यावर मांडू नये.

आणि आता खरे भांडण. बेचकीवाल्या पोराला मी वर्गात समजावू शकतो. माझी दोन-चार पोरे आता घरटी मोजतात, पाखरे नव्हे. पण मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात आणि ओटीवर टेकण्याआधी विचारतात, “काय, यंदा कवडा-बिवडा मिळेल का?” यजमानाला नाही म्हणवत नाही. तो पुतण्याला खूण करतो, पुतण्या डोहाकडे जातो. वाचकहो, चाप ओढणारे बोट त्याचे असते. पण बार आपल्या त्या एका प्रश्नाने भरलेला असतो.

वेळासला कासवाची अंडी एके काळी खाल्ली जात. आज त्याच किनाऱ्यावर ती राखली जातात आणि मुंबई-पुण्याची मंडळी पिले समुद्राकडे जाताना पाहायला येतात. वेळास आमच्या खेडहून फार लांब नाही.

तेव्हा येत्या मे महिन्यात गावी अवश्य या. आंबे खा, फणस खा, सोलकढी प्या. कवड्याची चौकशी मात्र करू नका. तो स्वतःच दुपारी घुमेल आणि काय ते सांगेल: पुरे, पुरे.