प्रार्थना आणि यादी

रशियन सोव्हिएत प्रजासत्ताकात ८ एप्रिल १९२९ रोजी धार्मिक संघटनांविषयी जो कायदा जारी झाला, त्याचे सतरावे कलम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. धार्मिक संघटनांनी परस्पर साहाय्य निधी उभारू नयेत, सहकारी संस्था काढू नयेत, आपल्या सभासदांना आर्थिक मदत करू नये, मुलांसाठी वा स्त्रियांसाठी वेगळे मेळावे भरवू नयेत, असे निर्बंध त्या कलमाने घातले. इतर प्रजासत्ताकांतही थोड्याफार फरकाने हीच व्यवस्था होती. नोंदलेल्या मंडळीने नेमून दिलेल्या जागेत उपासना करावी. परंतु शेजारच्या बाकावर बसणाऱ्या भगिनीचा नवरा तुरुंगात गेला आणि तिच्या घरात पीठ उरले नाही, तर मंडळीच्या पेटीतून तिला पाच रूबल देणे हा कायद्याचा भंग ठरे.

हे कलम ज्यांनी लिहिले त्यांना धर्माचे मर्म कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. उलट, ते त्यांना पुरते उमगले होते. श्रद्धा अंतःकरणात कोंडून राहील तोवर राज्यसत्तेला तिची धास्ती नसते. ती शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत पोचली की तिचे सामाजिक शक्तीत रूपांतर होते. सोव्हिएत संघातील बाप्टिस्ट स्त्रियांनी १९६४ पासून जे कार्य केले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवरच ध्यानात येते. तुरुंगातील पती, पुत्र आणि बंधू यांच्यासाठी काय करावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.

एका शवपेटिकेपासून

ख्रुश्चॉव्ह यांच्या राजवटीत धर्मविरोधी मोहिमेला नव्याने जोर चढला. १९६० साली बाप्टिस्टांच्या अधिकृत अखिल संघीय परिषदेने, अर्थातच सरकारच्या दबावाखाली, आपल्या धर्मोपदेशकांना एक सूचनापत्र धाडले. नव्या लोकांना बाप्तिस्मा देण्याचा उत्साह आवरावा, उपासनेपासून मुलांना दूर ठेवावे, असा त्याचा आशय होता. या पत्राविरुद्ध १९६१ साली गेन्नादी क्र्युचकोव्ह आणि अलेक्सेई प्रोकोफिएव्ह यांच्या पुढाकाराने चळवळ उभी राहिली आणि अटकसत्र सुरू झाले. अधिकृत परिषदेतील मंडळींना सरसकट भित्रे ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. थोडे सोसून चार प्रार्थनागृहे उघडी ठेवावीत, हा त्यांचा हिशेब अगदीच निराधार नव्हता. त्या हिशेबात तुरुंगातल्या माणसाच्या नावाला जागा नव्हती, एवढेच.

सायबेरियातील कुलुंदा येथील निकोलाय ख्मारा याला श्रद्धेच्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आणि जानेवारी १९६४ मध्ये त्याचा मृतदेह घरी आला. शवपेटिका उघडली तेव्हा देहावर छळाच्या खुणा दिसल्या. तेथील साध्यासुध्या श्रद्धावंतांनी जे पाहिले ते लिहून काढले आणि त्याखाली सह्या केल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९६४ मध्ये, 'बंदिवानांच्या नातेवाइकांची परिषद' स्थापन झाली. तिचे नेतृत्व पुढे लिदिया विन्स या कीव्हच्या स्त्रीकडे आले. त्यांचे पती प्योत्र विन्स हे धर्मोपदेशक स्तालिनच्या काळातील कारावासात बळी गेले होते. पुत्र गेऑर्गी याच्यावर तोच प्रसंग ओढवणार होता. परिषदेच्या बहुतेक कार्यकर्त्या आया आणि बायका होत्या. हाताशी पैसा नव्हता, कचेरी नव्हती, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या संस्थेला अस्तित्वही नव्हते.

या स्त्रियांनी प्रथम हाती घेतलेले काम दिसायला कारकुनी होते. त्यांनी यादी केली. बंदिवानाचे नाव, जन्मसाल, अटकेचा दिवस, कलम, शिक्षेची मुदत, छावणीचा पत्ता. आणि त्याच ओळीत मागे राहिलेल्या कुटुंबाचा पत्ता व त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांची संख्या.

यादीचे सामर्थ्य

यादीने काय साधते, असा प्रश्न पडेल. तुरुंगाचे पहिले कार्य माणसाला बेपत्ता करण्याचे असते. शेकडो कोस दूरच्या छावणीत टाकलेला माणूस हळूहळू केवळ एक क्रमांक होऊन जातो. नाव आणि पत्ता लिहिला गेला की ही क्रिया अडते. छावणीत पत्रे येऊ लागतात. या माणसामागे कोणी आहे हे तेथील अधिकाऱ्याला कळते. एखाद्याला अकस्मात दुसऱ्या छावणीत हलवले तरी ते चार दिवसांत बाहेर समजते. कोणत्या कलमाखाली किती माणसे शिक्षा भोगत आहेत याचा मेळ घालता येतो, आणि 'आमच्या देशात श्रद्धेसाठी कोणालाही शिक्षा होत नाही' या सरकारी विधानासमोर नावांचा कागद ठेवता येतो.

यादीचा दुसरा स्तंभ माझ्या विषयाच्या माणसाला अधिक बोलका वाटतो. शिक्षा एका माणसाला होते, परंतु तिचा खर्च कुटुंब भरते. घरातील कमाई थांबते आणि वर छावणीपर्यंतचा प्रवास, भेटीचा खर्च, जिन्नसांचे पार्सल हे नवे भार पडतात. तेही वाटेल तेव्हा पाठवता येत नसे. १९६९ नंतरच्या नियमांनुसार छावणीतील कैद्याला शिक्षेची निम्मी मुदत संपल्यावरच पाच-पाच किलोंची मोजकी पार्सले मिळत. शिवाय १९६६ च्या हुकुमान्वये बेकायदा ठरलेल्या प्रार्थनासभेबद्दल पन्नास रूबलपर्यंत दंड होऊ शके. त्या काळी सरासरी मासिक वेतन शंभर रूबलांच्या आसपास होते. अशा कुटुंबांना कोणाच्या घरी किती तोंडे आहेत हे पाहून मदत पोचवणे, म्हणजे १९२९ च्या कलमाने मोडलेला परस्पर साहाय्य निधी या स्त्रियांनी आपल्या स्वयंपाकघरांतून पुन्हा उभा केला.

यात प्रार्थनेला गौण स्थान मिळाले असे कोणी समजू नये. तुरुंगात असलेल्यांना भेटणे म्हणजे प्रत्यक्ष प्रभूला भेटणे, ही मत्तयकृत शुभवर्तमानातील शिकवण आणि आपणही त्यांच्याबरोबर बंधनात आहोत असे मानून बंदिवानांचे स्मरण करावे, हा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील उपदेश त्यांना मुखोद्गत होता. ज्या यादीवरून पत्रे लिहिली जात, तिच्यातलीच नावे प्रार्थनेत घेतली जात. प्रार्थनेमुळे यादीतला माणूस केवळ एक प्रकरण बनत नसे आणि यादीमुळे प्रार्थना मोघम राहत नसे. वर्षानुवर्षे उत्तर न येणारे अर्ज लिहीत राहण्याचे बळ नुसत्या हिशेबातून येत नाही. आणि नुसत्या भक्तिभावाने छावणीचा पत्ता सापडत नाही.

दोन आक्षेप

यावर एक आक्षेप खुद्द ख्रिस्ती परंपरेतूनच घेतला जातो. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने राज्यकर्त्यांच्या अधीन राहावे असे सांगितले आहे. मग अर्ज, निवेदने आणि निदर्शने श्रद्धावंताला शोभतात काय? परंतु तोच पौल फिलिप्पै येथे बेकायदा फटके खाऊन तुरुंगात पडला आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा आपले रोमन नागरिकत्व सांगून त्याने त्यांना स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावयास लावले. पुढे त्याने कैसराकडे दादही मागितली. प्रेषितांच्या कृत्यांत हे सारे नोंदलेले आहे. हक्क मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, असाच त्याचा अर्थ होतो. बाप्टिस्ट स्त्रियांनीही नवा कायदा मागितला नाही. धर्म आणि राज्य यांची फारकत करणारा लेनिनचा १९१८ चा हुकूम आणि १९३६ च्या राज्यघटनेचे १२४ वे कलम सरकारने पाळावे, एवढेच त्या मागत होत्या.

त्याची किंमत मात्र मोठी पडली. १६ मे १९६६ रोजी सुमारे पाचशे बाप्टिस्ट मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या कचेरीसमोर जमले आणि रात्रभर तेथेच थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांना बळाने हलवण्यात आले. या लोकांचे काय झाले याची चौकशी करण्यास गेऑर्गी विन्स गेले, तेव्हा त्यांनाच अटक झाली. बंदिवानांची विचारपूस करणाराच बंदिवान झाला आणि यादीत आणखी एक नाव वाढले. १९६७ साली परिषदेने संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांच्याकडे निवेदन धाडले. डिसेंबर १९७० मध्ये साठी ओलांडलेल्या लिदिया विन्स यांनाही अटक होऊन तीन वर्षांची शिक्षा झाली. तरीही १९७१ पासून परिषदेचे वार्तापत्र निघू लागले. अन्यत्र अटकेच्या आणि खटल्यांच्या बातम्या विरत होत्या. येथे त्या नोंदल्या जात होत्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या स्त्रिया अखेर आपल्याच माणसांसाठी झटत होत्या. त्यात कुटुंबवत्सलता असेल, व्यापक न्यायबुद्धी कोठे आहे? या आक्षेपात तथ्य आहे. परिषदेच्या याद्यांत मुख्यतः आपल्या पंथाचीच नावे असत. परंतु करुणेचा आरंभ कोठून तरी व्हावा लागतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो घरातूनच होतो. महत्त्वाचे हे, की माझ्या पुत्रासाठी लिहिलेल्या अर्जात शेजारणीच्या पुत्राचे नाव आले आणि मग कधी न पाहिलेल्या सायबेरियातील माणसाचेही आले. लिदिया विन्स यांचा नातू प्योत्र १९७७ साली युक्रेनमधील हेलसिंकी गटात सामील झाला. त्या गटात निरनिराळ्या मतांची माणसे होती. पुढच्या वर्षी त्यालाही तुरुंग पाहावा लागला.

गेऑर्गी विन्स यांना जानेवारी १९७५ मध्ये पुन्हा पाच वर्षे छावणी आणि पाच वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली होती. एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेत शिक्षा झालेल्या दोन सोव्हिएत हेरांच्या बदल्यात सोडलेल्या पाच जणांत ते होते. पाठोपाठ त्यांचे कुटुंबही अमेरिकेस गेले. परिषदेचे काम थांबले नाही. ते अलेक्सांद्रा कोझोरेझोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू ठेवले. १९८७-८८ मध्ये श्रद्धेसाठी शिक्षा भोगणारे बंदिवान सुटू लागले आणि ऑक्टोबर १९९० च्या नव्या कायद्याने धार्मिक संस्थांच्या दानधर्मावरील बंदी उठली. हे सारे या स्त्रियांच्या अर्जांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे राज्यव्यवस्थेतील मोठी स्थित्यंतरे होती. परंतु दारे उघडण्याची वेळ आली तेव्हा आत कोण कोण आहे हे सांगणारा कागद तयार होता.

आपल्यापुढील प्रश्न

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. येथे शेजाऱ्याला मदत करणे गुन्हा नाही, न्यायालये उघडी आहेत, आणि तुरुंगातील बहुसंख्य माणसे श्रद्धेसाठी नव्हे तर सामान्य आरोपांखाली आत आहेत. परंतु यादीची गरज येथेही सिद्ध झालेली आहे. जानेवारी १९७९ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधील कच्च्या कैद्यांची दैना वृत्तपत्रातून मांडली. त्यात कैद्यांची नावे होती. त्या नावांच्या आधारे ॲड. कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि हुसेनआरा खातून खटल्यात जलद न्याय हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरला. खटल्याला लाभलेले नावही यादीतल्याच एका कैदी स्त्रीचे होते.

तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरांत जवळजवळ शहात्तर. विधिसेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. २०२३ पासून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी साहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडावयाचे असते. कायद्याची उणीव येथे फारशी नाही. उणीव आहे ती कोणाला आत जाऊन किती दिवस झाले हे मोजणाऱ्या माणसाची. ज्याच्या घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नाही, त्याचे दिवस कोण मोजणार?

हे मोजण्याचे काम शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना सहज करता येण्याजोगे आहे. अर्ज लिहिणे, तारखा नोंदवणे, विधिसेवा प्राधिकरणाच्या कचेरीत एखादी खेप घालणे याला पांडित्य लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात भक्तीबरोबरच दुष्काळपीडित मुलींच्या अन्नवस्त्राची, शिक्षणाची आणि उद्योगाची सोय लावली. त्यामुळे श्रद्धा आणि हिशेबाची वही एकत्र नांदू शकतात हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. चर्चमध्ये असो, मंदिरात असो वा मशिदीत, बंदिवानांसाठी जेथे जेथे प्रार्थना होते, तेथे प्रार्थनेनंतर कोणी तरी कागद पुढे ओढून विचारावे: त्याचे नाव काय, तो कोठे आहे, आत जाऊन किती दिवस झाले, आणि घरी कोण आहे?