कबरीवरचे नाव

धरणगावचा इतिहास निघाला की जेम्स औट्रमचे नाव येतेच. १८२५ साली या तरुण लष्करी अधिकाऱ्याने खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे ठाणे आपल्या धरणगावी ठेवले. १८६३ मध्ये तो वारला, तेव्हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेरजवाड्यांच्या शेजारी त्याला जागा मिळाली. त्या काळी नावाचा दगड मिळायचा तो साहेबाला. साध्या शिपायाला कोण विचारतो!

शिपायाच्या नावाची फिकीर सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये लंडनला युद्धकबरींसाठी आयोग नेमला गेला. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव कोरायचे आणि देखभाल कायमची, असे ठरले. पुण्याला जाल तेव्हा खडकीची युद्ध स्मशानभूमी जरूर पाहा. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक तिथे आहेत. अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच. दगडांच्या पायाशी फुलझाडे आहेत. ती नुसती शोभेची नाहीत. पावसात उडणारा चिखल अक्षरांवर बसू नये, हाही हेतू. ज्या जुन्या कबरी जागेवर सांभाळणे शक्य नव्हते, अशा पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तिथल्याच स्मारकावर आहेत.

पण हा आयोग पाहतो ती दोन महायुद्धांच्या काळातली मयत. औट्रमच्या जमान्यातले शिपाई त्याच्या हिशेबात येत नाहीत. आणि सारखेपणाचा नियमही सर्वत्र पाळला गेला नाही. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच कबूल केले की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० जणांची नावे कुठे कोरलीच गेली नाहीत. त्यात बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले. यात आपले किती मुसलमान भाऊ असतील! माफी मागितली, हे बरे झाले. शंभर वर्षांनी मागितली, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांच्या घरात कुणी परदादा लढाईवर गेल्याची गोष्ट सांगितली जाते, त्यांनी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. पैसे लागत नाहीत. हिंदी सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव आणि गावही असते. मात्र इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हेने करून पाहा. साहेबाने अब्दुलचे काय काय केले असेल, सांगता येत नाही.

आता आपल्या कब्रस्तानाचे पाहू. कबर पक्की बांधायला बहुतेक उलेमांचा विरोध आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. मग दोन पावसाळ्यांनी माती बसते, काटेरी बाभूळ वाढते, आणि नातू विचारतो, "दादी कुठे आहे?" तेव्हा बाप इकडे तिकडे बघतो. दगड नको, तर नाव वहीत तरी हवे. एक जाड वही घ्यावी. मरहूमचे नाव, बापाचे किंवा शोहरचे नाव, दफनाची तारीख, कोणत्या भिंतीपासून किती पावले, एवढे लिहिले तरी पुरे. सुरुवात कबर खोदणाऱ्या चाचांपासून करावी. चाळीस वर्षांचे कब्रस्तान त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांची नजर आता कमी झाली आहे. येत्या जुम्याला नमाजनंतर आम्ही वही घेऊन त्यांच्यासोबत पूर्वेच्या भिंतीपासून निघणार आहोत.