शिवारफेरीच्या गाड्या आणि पान्यांची पिशवी



पोळा झाला की आपल्याकडं शिवारफेऱ्या सुरू होतात. आठ-दहा गाड्या, एकेका गाडीवर दोघं, सोबत कृषी सहायक नाहीतर एखादे जाणकार, आणि दिवसभरात चार-पाच प्लॉट. आदल्या रात्री ग्रुपवर सगळं ठरतं. आधी कोणाचं रान, जेवण कोणाकडं, भाकरी किती, सगळं. गाड्यांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. पाने आणि ट्यूब हासुद्धा फेरीचाच खर्च आहे आणि तो वर्गणीतून झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण असं बघा. डांबरीवर गाडी बंद पडली तर कोणीतरी भेटतं. पण वेड्या बाभळीचा काटा टायरात घुसतो तो पाणंदीत. एक गाडी थांबली की सगळी फेरी थांबते, आणि दिवस मावळायच्या आत परतायचं म्हणून काटछाट होते ती शेवटच्या प्लॉटची. शेवटचा प्लॉट कोणाचा असतो? ज्याला रस्ता नाही त्याचा! डांबरीकडेचं रान दरवर्षी दहा माणसं बघून जातात. ओढ्यापलीकडच्या माणसाचं पीक कोणी बघतच नाही.

मागल्या वर्षी हेच झालं. अकराच्या सुमारास एका गाडीची क्लच वायर तुटली. वायर आणायला दोघं तालुक्याला गेले, दोन तास गेले. शेवटी तुरीचा प्लॉट राहिला. त्या गड्याची तूर ठिकठिकाणी सुकत होती, मर आहे का पाणी साचून गेलीय एवढंच त्याला विचारायचं होतं. खोड उभं चिरून आत काळपट रेषा आहे का बघायचं, पाच मिनिटांचं काम. आम्ही पोचलो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं दिलं ते औषध त्यानं झाडांच्या बुडात ओतलं. वायर शे-दीडशे रुपयांची.

आता वायरीचंच सांगतो. क्लच वायर बहुतेक वेळा मुठीजवळच्या टोकाला तुटते. ती डिकीत ठेवण्यापेक्षा जुन्या वायरीच्या शेजारून नवी ओढून घ्यायची, दोन्ही टोकं ट्यूबच्या पट्टीनं बांधून ठेवायची. तुटली की नुसती टोकं बदलायची, टाकी काढायला नको. आणि लिव्हरचे क्लॅम्प एवढे आवळायचे नाहीत. जोर लावल्यावर फिरतील इतपतच ठेवायचे. चिखलात गाडी आडवी झाली तर लिव्हर फिरतं, मोडत नाही.

पिशवीत काय? गाडीत मिळणारी पान्यांची पुडी असेल तर उत्तम, पण ती आधी उघडून बघा, निम्म्या गाड्यांत ती जागा रिकामी असते. ८ ते १७ पर्यंतचे पाने, प्लग पाना, मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना (तो घरी लावून बघूनच), पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, दोन टायर लिव्हर, हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, चेनलॉक, फ्यूज, प्लग, बायंडिंग तार, एम-सील. वाइज ग्रिप मिळाली तर जरूर घ्या, गिअरचा दांडा मोडला की तीच लावून घरी येता येतं. टाकीला बारीक गळती लागली तर अंगाचा साबण रगडून चोपडा, तेवढ्यापुरता टिकतो. चेनलॉक बसवताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडं, उघडं टोक मागं. उलटी बसली तर निघून पडते.

आणि खुरपं. आपल्या काळीत ते पान्यापेक्षा महत्त्वाचं. चिकण मडगार्ड आणि चाकामध्ये गच्च बसते, चाक फिरत नाही, पोरगं रेस देत राहतं आणि क्लच प्लेटा जळतात. तो जळका वास आला की उतरायचं आणि खरडायचं. चिखलात पकड मिळावी म्हणून काहीजण हवा कमी करतात. थोडी ठीक, पण फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व मुळातून फाटतो. त्याला पट्टी चालत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

ओढ्यात गाडी बंद पडली तर तिथंच किक मारत बसू नका. बाहेर ओढा, प्लग काढा, मग किक मारा, पाणी असेल तर भोकातून उडतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही. वाटी काढून कचरा झाडायची सोय गेली, आणि पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो. म्हणून बॅटरीची टोकं आदल्या दिवशी घट्ट करा.

काहीजण म्हणतात, ज्याची गाडी धड नाही त्यानं येऊ नये. हे मला अजिबात मान्य नाही. जुनी गाडी ज्याच्याकडं असते, त्याचंच रान आडरानात असतं. आदल्या संध्याकाळी पारावर गाड्या लावा, चेन ताणून बघा, स्पोक वाजवून बघा, ढिला असेल तो वेगळा वाजतो. त्याची चेन घसरत असेल तर वर्गणीतून नवी टाका. नाहीतरी जेवणावर त्यापेक्षा जास्त जातात.

मोठ्या गाड्या आणायचा मोहही टाळा. स्प्लेंडर ११२ किलोची, दोघं मिळून चिखलातून उचलतात. १९५ किलोची ३५० सीसी उचलायला चौघं लागतात. शिवाय सहा गाड्या एकाच जातीच्या असल्या की १८ इंची एकच ट्यूब पुढंमागं चालते. २१ आणि १७ चाकांच्या गाडीला दोन ट्यूबा बाळगाव्या लागतात.

यंदाची पिशवी माझ्याकडं आहे. फेरीत ती सगळ्यात मागच्या गाडीवर राहील, पुढच्या नाही, म्हणजे बंद पडलेल्याला मागं फिरून शोधायला नको. शंभर सीसी सोडून दुसरी गाडी असेल त्यांनी आपली ट्यूब आणि क्लच वायर स्वतः आणायची. आणि या वेळी सुरुवात ओढ्यापलीकडच्या तुरीपासून करू, डांबरीकडेचे प्लॉट परतताना बघू.