शिळे कोणी खायचे?

ताज्या अन्नासाठी मराठीत 'ताजे' आणि फार तर 'गरमागरम' म्हटले की भागते. उरलेल्या अन्नासाठी मात्र आपण किती बारकाईने शब्द घडवले आहेत पाहा. रात्र उलटली की ते 'शिळे', कोणाच्या तोंडचे असले की 'उष्टे', शिते लागून हात-भांडी माखली की 'खरकटे', आणि सगळ्यांना एकत्र बांधून दूर ढकलायचे असले की 'शिळेपाके'. कोणी जुना विषय उकरून काढला तर शिळ्या कढीला ऊत आणतोस म्हणून आपण त्याला हिणवतो. (गोव्यात हा वाक्प्रचार फारसा टोचू नये. तिथे आदल्या दिवशीचे हुमण मंद आचेवर आटवून घट्ट करतात, त्याला 'कालची कढी' म्हणतात आणि ती सकाळी पावाबरोबर आवडीने खातात.)

मला वाटते, इतके शब्द लागले याचे कारण असे की हे अन्न कोणी खायचे आणि कोणी खायचे नाही, हे ठरवायचे होते. हल्ली उरलेल्या अन्नाचे पदार्थ करून गोठवून ठेवावेत आणि लागतील तसे गरम करावेत, याची शहरातल्या घरांत बरीच चर्चा असते. आरोग्याला ते चांगले की वाईट, वेळ किती वाचतो, पैसा किती वाचतो, असे सगळे बोलून होते. ते कोणाच्या ताटात पडणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मला तेच विचारायचे आहे. पण आधी बाकीच्या आक्षेपांचा निकाल लावू.

पहिला आक्षेप शास्त्राचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसी लोकांना प्रिय म्हणून सांगितले आहे, हे घराघरांत ठाऊक असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला अपवाद तितका ठाऊक नसतो. तुपातेलात केलेले शिळे अन्न चालते, आणि गव्हाजवाचे व दुधाचे पदार्थ तर स्निग्ध नसले, बराच काळ ठेवलेले असले तरी चालतात, असे तिथे म्हटले आहे. आपल्या आज्या प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या दशम्या बांधून घेत, त्या याच समजुतीने. म्हणजे नियम करणाऱ्यांनी टिकते काय आणि नासते काय हे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. श्रावणात शिळासप्तमीला तर काही घरांत चूलच पेटत नाही, आदल्या दिवशीचेच खातात. तेव्हा धर्माच्या नावाने सरसकट नाके मुरडण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो खरा आहे. त्यातही भाताच्या बाबतीत. तांदळात एका जातीच्या जिवाणूंची बीजे असू शकतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ती बीजे रुजतात, जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष नंतर कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. 'चांगले खळखळून गरम केले की झाले' हा आपल्याकडचा भरवसा इथे खोटा ठरतो. उपाय साधा आहे. भात उरणार असे दिसले की तो पसरट ताटात काढून लवकर निववावा, तास-दोन तासांच्या आत थंडाईत ठेवावा, आणि पुढे एकदाच, वाफ निघेपर्यंत गरम करून संपवावा.

गोठवण्याचा गुण असा की त्यात जिवाणू मरत नसले तरी निजून राहतात. त्याला उणे १८ अंश सेल्सिअस हे तापमान मानतात. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा खण दर वेळी तितका थंड होतोच असे नाही, त्यामुळे तिथे ठेवलेला डबा महिनाभर टिकेल असे गृहीत धरू नये. वीज गेली तर गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. अन्न जितके झटपट गोठेल तितके त्यातले बर्फाचे कण बारीक राहतात आणि पोत कमी बिघडतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थाने लॅब्राडोरच्या थंडीत तिथले मूळ रहिवासी मासे क्षणात कसे गोठवतात ते पाहिले आणि १९२०च्या दशकात त्यावर मोठा धंदा उभा केला. आपल्याला धंदा करायचा नाही. उसळ किंवा आमटी मोठ्या पातेल्यात न ठेवता चपट्या लहान डब्यांत ठेवली की तेच साधते. पोळी फ्रिजच्या साध्या खणात लवकर वातड होते, कारण पिठातला स्टार्च त्या थंडीत अधिक वेगाने आखडतो. गोठवली तर ती बरी राहते. बटाटा गोठून स्पंजासारखा होतो, ताकाची कढी फुटते, आणि कोशिंबिरीचे काय होते ते न सांगितलेलेच बरे.

एवढे सांभाळले तर आरोग्याची तक्रार उरत नाही. उलट न करण्यानेच नुकसान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला आहे. सगळ्यांच्या घरी फ्रिज आहे असेही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो दहांतल्या जेमतेम चार घरांत आढळला. बाकी घरांत अन्न टिकवायची युक्ती आजही फोडणी, वाळवण आणि ताक हीच.

आता मूळ प्रश्न. आपल्या स्वयंपाकघरात उरलेल्याचे सोने करण्याची विद्या मोठी आहे. पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, आमटीत पीठ मळून लावलेली थालीपिठे, भाकरीचा ताकातला काला. हे पदार्थ आपण आवडीने वाखाणतो. पण ज्या दिवशी कुस्करा सगळ्यांना पुरेल इतक्या पोळ्या उरलेल्या नसतात, त्या दिवशी काय होते ते वाचकांनी आपापल्या घरी पाहावे. दीड पोळी आणि वाटीभर भाजी उरलेली असते. बाकीच्यांच्या ताटात तव्यावरची पोळी पडते आणि ती दीड पोळी, कोणी न सांगता, आईकडे जाते. भारतीय मानवी विकास सर्वेक्षणाने २०११-१२ साली घरोघरी विचारले होते की जेवायला आधी पुरुष बसतात, आधी बायका, की सगळे एकत्र. असा प्रश्न विचारावासा वाटला, यातच पुष्कळ आले. जी शेवटी बसते तिच्या वाट्याला तळाचे आणि कालचे येते. फ्रिज आल्याने यात एवढाच फरक पडला की पूर्वी कालचे यायचे, आता परवाचेही येऊ लागले.

फ्रीझरने बाईचा वेळ वाचतो असे माझे मित्र म्हणतात. वाचतो, हे मी नाकारत नाही. रविवारी चार भाज्या करून ठेवल्या की नोकरी करणाऱ्या बाईला बुधवारी संध्याकाळी श्वास घेता येतो. पण रविवार कोणाचा गेला? डब्यांवर तारखा कोणी घातल्या? आणि बुधवारी 'आज फ्रिजमधलेच का?' हे वाक्य घरातले कोण बोलते? ज्याच्या सुखासाठी ताजे करावे लागते त्याने शिळ्याचे गुण गाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिळ्याचा दुसरा वाटेकरी घराबाहेरचा. गावगाड्यात महारांना घरोघर फिरून भाकरी मागावी लागे आणि ताटात बहुधा शिळेच पडे. तो त्यांचा हक्क म्हणून सांगितला जाई. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी टाकलेले तुकडे खाण्याचे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले. पाण्याच्या सत्याग्रहामुळे महाड आपल्या लक्षात राहिले, भाकरीचे हे सांगणे मात्र आपण सोयीने विसरलो. आज कामाला येणाऱ्या बाईच्या हाती 'घेऊन जा, कालचेच आहे' म्हणत डबा दिला जातो. देणाऱ्या घरात तो डबा त्या दिवशी कोणी खाल्ला असता का? खाल्ला असता तर ते वाटून खाणे झाले. फ्रीझरमुळे हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण आता तीन महिन्यांपूर्वीची उसळही दातृत्वाच्या खात्यावर मांडता येते.

आपण विद्यार्थीही यातून सुटत नाही. खेड्यांतून शहरात शिकायला आलेल्या मुलांसाठी आया एस.टी.ने डबे पाठवत आल्या आहेत. पहाटे केलेली भाजी दुपारी हातात पडे, आणि ती शिळी आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. आता खोल्यांवर राहणारी काही मुले सुट्टीहून परतताना गोठवलेल्या भाज्यांचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात आणि पंधरा दिवस पुरवतात. हीच मुले घरी गेली की दुसऱ्या वेळची भाजी पुढे आल्यावर तोंड वाकडे करतात. खोलीवर आईच्या हातचे म्हणून जे गोड लागते, ते आईच्याच घरी शिळे कसे होते, हे त्यांना कोणीतरी एकदा विचारायला हवे.

माझ्या परिचयाच्या एका घरात यावर एक व्यवस्था आहे. बुधवारी रात्री नवे काही शिजत नाही. फ्रीझरमधले डबे बाहेर येतात आणि आजोबांपासून धाकट्या नातीपर्यंत सगळे एकदम बसून तेच खातात. गरम करण्याचे काम आजोबांकडे आहे. पहिले काही बुधवार त्यांनी बटाट्याच्या रश्श्याबद्दल फार तक्रार केली. आता त्या घरात बटाटा गोठवत नाहीत.